मशीन सध्या कुठे ठेवलंय?

त्या झाडाचं मूळ वर होतं आणि फांद्या खाली. पानं म्हणाल तर तीनच जातींची. एकावर लिहिलेलं ‘फुकट दुरुस्ती’, दुसऱ्यावर ‘नवीन मशीन’ आणि तिसऱ्यावर नुसतं ‘नाही’. ते लावलं होतं कॉम्प्युटरच्या पडद्यावर, आणि लावणाऱ्या बाईला सगळं ऑफिस झाडवाली म्हणत असे.

झाडवालीचं वय बेचाळीस. अकरा वर्षं घरी काढली, मग सासूबाईंनी हट्टानं कॉम्प्युटरच्या वर्गाला धाडलं. तिथं वीस-बावीस वर्षांच्या पोरापोरींत बसून ती सहा महिने शिकली आणि ही पहिली नोकरी मिळाली. तीही पक्की नाही, तीन महिन्यांच्या बोलीवर. पण सासूबाईंनी पहिल्या दिवसापासून सगळ्या इमारतीला सांगून ठेवलेलं, की आमच्या सुनेपुढे घराएवढं मशीन हात जोडून उभं असतं आणि तिला विचारल्याशिवाय त्या कंपनीत पंखासुद्धा फिरत नाही. आता नोकरी गेली, तर जिन्यावरून चढता-उतरता तोंड कुठे लपवायचं, ही झाडवालीला पहिली चिंता. दुसरी चिंता अशी, की तिला ते काम आवडायला लागलं होतं. ही जास्त वाईट.

कंपनी शिलाई मशीन बनवायची. तक्रार खातं गोदामाच्या वरच्या मजल्यावर, तीन खोल्यांत. जिन्यातच मशीनच्या तेलाचा वास नाकात शिरायचा आणि संध्याकाळपर्यंत पदराला चिकटून राहायचा. लोकांच्या तक्रारी यायच्या: सुई मोडते, दोरा गुंततो, चाक फिरत नाही. मग ठरवायचं, की मशीन फुकट दुरुस्त करून द्यायचं, बदलून द्यायचं, की हात वर करायचे.

हे ठरवायच्या मोठ्याबाई. एकतीस वर्षं त्याच खुर्चीवर. खुर्चीची गादी इतकी झिजली होती, की मोठ्याबाई रजेवर असल्या तरी त्यांचा आकार खुर्चीत बसलेला दिसायचा. नवीन माणसं त्यालाच नमस्कार करून जायची. एकतीस वर्षांत कुठलं गिऱ्हाईक दुसऱ्यांदा भांडायला आलं नाही. ज्याला ‘नाही’ मिळालं तोसुद्धा मान डोलावून गेला. वर्षअखेरीस मोठ्याबाई निवृत्त होणार होत्या, म्हणून मालकांची झोप उडाली आणि त्यांनी ते सॉफ्टवेअर आणलं. त्यात तक्रार टाकायची. ते एकेक प्रश्न विचारणार: मशीन पाच वर्षांच्या आतलं आहे का? बिल आहे का? पाण्यात भिजलंय का? ‘हो’ म्हणालात तर या फांदीवर, ‘नाही’ म्हणालात तर त्या. असं उतरत उतरत शेवटी एका पानावर यायचं, की निकाल लागला, गिऱ्हाइकाला पत्र आपोआप रवाना. फाइल या टेबलावरून त्या टेबलावरही आपोआप जाणार, शिपायाची गरज नाही.

फक्त ते झाड कोणीतरी लावायला हवं होतं. कुठला प्रश्न आधी, कुठला नंतर, कुठल्या उत्तराला कुठली फांदी. ते झाडवालीचं काम.

तिनं नियमांचं पुस्तक घेतलं. एवढं जाडजूड, की गोदामातली मांजर त्यावर तीन पिल्लांसकट झोपायची आणि तरी जागा उरायची. मांजरीची समजूत घालून पुस्तक सोडवलं आणि महिनाभरात त्याचं झाड केलं. कागदावर छापून भिंतीला लावायला गेली, तर भिंत संपली, दार संपलं, झाड जिन्यानं खाली उतरलं आणि त्याचं शेवटचं पान थेट गोदामात पोचलं. तक्रार खात्याचे साहेब खूश झाले. “चला, शुक्रवारी संध्याकाळी चालू करून टाका. सोमवारी बघू.”

सोमवारी सकाळी झाडवाली जिना चढते न चढते, तोच गोदामवाले काका समोर उभे. चेहरा लालभडक.

“बाई, माझं काय चुकलं ते एकदा सांगून टाका.”

“काय झालं काका?”

“शुक्रवारपासून मला तुमच्या झाडानं अकराशे सेहेचाळीस वेळा एकच प्रश्न विचारलाय. मशीनचा नंबर खरा आहे का, नंबर खरा आहे का! अहो, आहे म्हणून सांगितलं ना! माझी बायको लग्नाला तीस वर्षं झाली तरी इतक्यांदा विचारत नाही!”

झालं होतं असं. एका शिंप्याची तक्रार आली होती आणि त्याच्या बिलाचा अर्धा भाग उंदरानं खाल्ला होता. ‘बिल आहे का’ या प्रश्नाला झाडवालीनं ‘हो’ला एक फांदी दिली होती, ‘नाही’ला एक. ‘अर्धं आहे’ याला कुठलीच नाही. मग झाडानं फाइल गोदामात पाठवली, नंबर तपासा म्हणून. काकांनी एकदा दिलेलं उत्तर त्यांच्या कॉम्प्युटरनं दर वेळी लगेच कळवलं, नंबर खरा, आता बिल बघा. झाडानं बिल बघितलं, तर अर्धं! पाठव परत गोदामात. शनिवार-रविवार दोन्ही दिवस फाइल अशी वर-खाली पळत राहिली. माणूस असता तर जिन्यातच बसकण मारली असती.

दुपारी साहेबांनी बोलावलं. साहेब वयानं झाडवालीपेक्षा लहान, पण टेबल मोठं.

“मॅडम, मालक हसले. ते हसले की मला झोप येत नाही. आता असं करू. मोठ्याबाईंनी निकालात काढलेल्या जुन्या शंभर फायली घ्या. त्या तुमच्या झाडातून काढू. मोठ्याबाईंचा निकाल आणि झाडाचा निकाल जुळला पाहिजे. दोन ठिकाणी चुकलं तर चालेल. तिसऱ्या ठिकाणी चुकलं, तर मी बाहेरून तयार झाड मागवतो.”

“ते तयार झाड कसं असतं?”

“सोपं. बिल नाही? मग नाही. विषय संपला.”

“आणि मी?”

साहेबांनी टेबलावरची पेन्सिल सरळ केली. आधीच सरळ होती. “पुढच्या शुक्रवारी बघू.”

झाडवालीनं ‘अर्धं आहे’ची फांदी लावली. ‘माहीत नाही’ची लावली. मुकाट्यानं बसून शंभरच्या शंभर फायली झाडातून काढल्या. एकाहत्तर जुळल्या, एकोणतीस नाहीत. आणि त्या कशा? झाड म्हणतंय ‘नाही’, मोठ्याबाईंनी दिलंय नवीन मशीन. झाड म्हणतंय फुकट दुरुस्ती, मोठ्याबाई म्हणतायत नाही. ना बिलावर ठरलेलं, ना वर्षांवर, ना पाण्यावर.

ती फायलींचा गठ्ठा घेऊन मोठ्याबाईंच्या टेबलाशी गेली. “मोठ्याबाई, हे तुम्ही कसं ठरवलंत?”

मोठ्याबाईंनी चष्मा कपाळावर चढवला. “नियमाप्रमाणे.”

“पण नियमात तर बिल नसेल तर नाही असं आहे. इथं बिल नाही आणि तुम्ही अख्खं मशीन बदलून दिलंत.”

“हो का? मग काहीतरी कारण असेल.”

“कोणतं?”

“अगं पोरी, ही फाइल नऊ वर्षांपूर्वीची आहे. मला काल रात्री भाजी कोणती केली ते आठवत नाही.”

“पण साधारण कसं ठरवता?”

“नियमाप्रमाणे ठरवते म्हणून सांगितलं ना? आता हो बाजूला, माझ्या उजेडात उभी आहेस.”

मोठ्याबाई लपवत होत्या असं नाही. त्यांना खरंच वाटत होतं, की आपण एकतीस वर्षं नियमानं चाललोय. विचारलं की माणूस आपण काय करायला हवं ते सांगतो. काय करतो ते त्याचं त्यालाही धड माहीत नसतं.

घरी आली तेव्हा सासूबाई दारातच. नवरा कामासाठी परगावी होता. घरात सासू-सून दोघीच, म्हणजे बोलायला मोकळं रान.

“काय गं, तोंड का असं उतरलंय? मशीननं हात जोडले नाहीत आज?”

झाडवालीनं सगळं सांगितलं. कॉम्प्युटर उघडून झाडही दाखवलं. सासूबाईंनी मान डावीकडे केली, उजवीकडे केली. “उलटं लागलंय गं हे. मुळं वर आलीत.”

“असंच असतं ते, आई.”

“मग फळं काढायला बरं. चल, मला विचार बघू. मी गिऱ्हाईक.”

“खरं खरं सांगायचं हं.”

“म्हणजे? मी कधी खोटं बोलले?”

झाडवाली या प्रश्नात पडली नाही. तिनं सुरुवात केली. “काय झालं मशीनला?”

“हत्तीनं तुडवलं.”

“आई!”

“गिऱ्हाइकाला आई म्हणायचं नाही. हत्तीनं तुडवलं. सर्कशीतला होता, पण सभ्य. नंतर माफी मागितली त्यानं.”

झाडात हत्तीची फांदी नव्हती. ‘इतर बिघाड’ घ्यावं लागलं. “मशीन किती वर्षांचं?”

“चार वर्षं अकरा महिने एकोणतीस दिवस.”

“बिल आहे?”

“होतं. हत्तीनंच खाल्लं. अर्धं मी त्याच्या तोंडातून ओढून काढलं, हे बघ!” आणि सासूबाईंनी वाण्याच्या पुडीचा कागद फाडून हातात दिला.

“पाण्यात भिजलं होतं?”

“छे. हत्तीनं सोंडेनं फुंकून कोरडं करून दिलं.”

शेवटचं बटण दाबलं. झाडानं क्षणभर विचार केला आणि हिरव्या पानावर अक्षरं उमटली: ‘नवीन मशीन. अभिनंदन.’

सासूबाई हसता हसता सोफ्यावर आडव्या झाल्या, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. झाडवालीलाही हसू आलं, आणि मग तिनं ते पान परत वाचलं. म्हणजे आपलं झाड खऱ्या शिंप्याला अकराशे वेळा पळवतं आणि हत्तीवालीचं अभिनंदन करतं.

दुसऱ्या दिवशी ती झाड घरीच ठेवून आली. खुर्ची उचलली, मोठ्याबाईंच्या शेजारी टाकली, उजेड सोडून.

“हे काय?”

“बसते. तुम्ही काम करा, मी बघते.”

“मी काय तमाशा आहे?”

“अजिबात विचारणार नाही काही.”

“बघू किती टिकतेस,” म्हणत मोठ्याबाईंनी पहिली फाइल ओढली.

मोठ्याबाई काम कसं करायच्या? आधी फॉर्म वाचायच्या. मग चष्मा पुसायच्या. सरळ प्रकरण असलं, तर सही ठोकून मोकळ्या. पण एखाद्या फॉर्मला अडल्या, की फोन ओढायच्या आणि गप्पा सुरू. गप्पाही कशा? “हॅलो, मशीन कंपनीतून बोलतेय. हो हो, तुमचा अर्ज मिळाला. खोकला झालाय का तुम्हाला? आवाज बसलाय. बरं, मशीन सध्या कुठे ठेवलंय? अच्छा. नाही, सहज विचारलं. आणि आल्याचा चहा घ्या हं.” फोन खाली. सही.

पहिले दोन दिवस झाडवालीला वाटलं, काय वेळ घालवतात या बाई! त्यांच्या बोलण्यातून तिला खोकल्याची सात औषधं कळली, एकीच्या जावेचं भांडण कळलं, निकालाचं काही कळलं नाही. तिसऱ्या दिवशी, गुरुवारी, तिनं वहीत फोनवरचं अक्षरन् अक्षर उतरवून घेतलं. शुक्रवारी दुपारी डबा खाताना ते वाचत बसली. नऊ फोन झाले होते. नऊ माणसं, नऊ तऱ्हा. एकाशी हवामान, एकीशी पोरांची परीक्षा. पण एक वाक्य नऊच्या नऊ ठिकाणी होतं. ते आलं, की पुढच्या दोन वाक्यांत फोन खाली आणि सही.

मशीन सध्या कुठे ठेवलंय?

झाडवालीचा घास हातातच राहिला. तशीच उठली आणि जुन्या शंभर फायलींच्या गठ्ठ्यात शिरली. फॉर्मच्या मागच्या बाजूला कोपऱ्यात पेन्सिलीनं काहीतरी बारीक खरडलेलं असायचं, ते तिनं आधी पाहिलं होतं. तेव्हा वाटलेलं, पेन्सिलीचं टोक तपासलं असेल. आता भिंगातून बघितलं. ‘खिडकी’. दुसऱ्यावर ‘माळा’. ‘गॅलरी’. ‘पलंगाखाली’. ‘दाराशी, उजेडात’. त्या एकोणतीसच्या एकोणतीस फायलींवर असं काही ना काही होतंच. एक-दोन सोडल्या, तर खिडकीत, दाराशी असेल, तिथं मोठ्याबाईंनी दिलंय. माळ्यावर, पलंगाखाली असेल, तिथं नाही.

“मोठ्याबाई! तुम्ही विचारता, मशीन कुठे ठेवलंय!”

“मग? विचारायला नको? चौकशी करावी माणसाची.”

“चौकशी नाही ही. तुम्ही यावरूनच ठरवता!”

मोठ्याबाईंनी पेन खाली ठेवलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला. “असं म्हणतेस?” मग गठ्ठ्यातला एक फॉर्म उलटा करून कोपऱ्यातलं आपलंच अक्षर वाचलं. “हो गं. रोज शिवणारी बाई मशीन उजेडात ठेवते. बंद पडलं तरी तिथंच असतं, कारण ती वाट बघत असते सुरू व्हायची. ते काम करता करता मोडलेलं. आणि माळ्यावर टाकलेलं मशीन गंजून बसतं, मग लोकांना आठवतं की अरे, कंपनी आहे.” स्वतःशीच हसल्या. “एकतीस वर्षं. आणि मला वाटलं, मी नियमानं चाललेय.”

त्या दिवशी झाडवाली घरी पळत सुटली. चपला काढायच्या आधीच सासूबाईंना बसवलं.

“आई, परत गिऱ्हाईक व्हा.”

“हत्तीवाली?”

“हत्तीवालीच.”

सासूबाई खुशीत आल्या. या वेळी हत्ती दोन होते, त्यातला एक दृष्टीनं अधू. मशीनचं चाक तर म्हणे ढगात उडालं आणि विमानानं परत आणून दिलं. झाडवालीनं सगळं मुकाट लिहून घेतलं. मग पेन खाली ठेवलं आणि पंख्याकडे बघत सहज विचारलं, “बरं, आणि मशीन सध्या कुठे ठेवलंय?”

“कुठे असणार? माळ्यावर. तुझ्याच नवऱ्यानं चढवलंय नाही का? किती वर्षं सांगतेय, खाली काढा म्हणून...” आणि सासूबाई एकदम थांबल्या. “अगं बाई! पकडलंस की मला!”

“हत्तीबद्दल दहादा खोटं बोललात आणि इथं खरं?”

“इथं खोटं बोलण्यासारखं होतं तरी काय? नुसतं कुठे ठेवलंय म्हणालीस. त्याला कशाला डोकं लढवायचं?” बोलता बोलता त्यांनी बोट वर केलं. “पण ऐक. हे तुझ्या फॉर्मवर छापू नकोस हं. छापलंस, की दुसऱ्या दिवशी अख्ख्या गावाची मशिनं खिडकीत! मीच सगळ्यांना सांगून येईन.”

खोटं बोलण्यात हयात गेलेल्या बाईचं म्हणणं होतं, डावलून चालणार नव्हतं. झाडवाली शनिवार-रविवार झाडापाशी बसली. ‘कुठे ठेवलंय’ हा प्रश्न फॉर्मवर टाकता येत नव्हता आणि गाळताही येत नव्हता. सोमवारी तिनं झाडावर एक नवीन जातीचं पान लावलं. त्यावर निकाल नव्हता. त्यावर होतं, ‘इथं माणसानं फोन करावा’. सरळ प्रकरणं झाड एकटंच निकालात काढणार. अडलेलं प्रकरण या पानाशी येऊन थांबणार, माणूस गप्पा मारणार, कळलेलं झाडाला सांगणार, मग झाड पुढे उतरणार. फोनचा नमुना म्हणून तिनं मोठ्याबाईंच्या नऊ गप्पा खोकल्याच्या औषधांसकट लिहून ठेवल्या, पुढं या खुर्चीवर बसेल त्याच्यासाठी.

शुक्रवार उजाडला. साहेबांच्या खोलीत साहेब, झाडवाली, मोठ्याबाई, आणि काही काम नसताना आलेले गोदामवाले काका. काका म्हणाले, “मी नुसता उभा राहतो. अकराशे सेहेचाळीस उत्तरं दिलीत, एवढा हक्क आहे.”

साहेबांना नवीन पान बघूनच आठी पडली. “मॅडम, आपण हे माणसाचं काम कमी करायला आणलंय. आणि तुम्ही झाडातच माणूस बसवलात?”

“साहेब, पूर्वी मोठ्याबाई शंभर फायली बघायच्या. आता शंभरातल्या तीसेक त्यांच्याकडे येतील, बाकीच्या सत्तर झाड चहा होईपर्यंत संपवतं. पण त्या तीस झाडाला एकट्याला दिल्यात, तर एक तर हत्तीवाले येतील नाहीतर खऱ्या माणसाला ‘नाही’ जाईल.”

“कोण हत्तीवाले?”

“ते नंतर सांगते. आधी चालवा.”

फायली चालल्या. फोनच्या पानाशी फाइल थांबली, की झाडवाली मागच्या बाजूचा पेन्सिलीचा शब्द टाकायची, झाड पुढे उतरायचं. दहा जुळल्या. तीस जुळल्या. एकेचाळीसावी चुकली. मशीन पाण्यात भिजलेलं, माळ्यावर पडलेलं, आणि मोठ्याबाईंनी नवीन दिलेलं.

“हे कसं?” साहेबांनी विचारलं.

मोठ्याबाई लाजल्या. “त्या बाईनं फोनवर मला इतकं हसवलं, की मी खुर्चीवरून पडले. पडल्या पडल्याच सही केली.”

एक चूक. पुढं अडुसष्टावी. तीही तसलीच. त्या वेळी मोठ्याबाई खुर्चीवरून पडल्या नव्हत्या, नुसत्या विरघळल्या होत्या. दोन. सत्तर, ऐंशी, नव्वद. काका बोटं मोडत होते. त्र्याण्णवावी फाइल फोनच्या पानाशी येऊन थांबली. झाडवालीनं फॉर्म उलटा केला.

मागची बाजू कोरी.

तिनं उजेडात धरला, तिरपा केला, भिंग लावलं. काही नाही. झाड थांबलेलं, ‘इथं माणसानं फोन करावा’. आणि फॉर्मच्या पुढच्या बाजूला मोठ्याबाईंची सही आणि ‘नाही’.

साहेबांनी पेन्सिल सरळ केली. “तीन, मॅडम.”

झाडवालीनं फॉर्म खाली ठेवला. आपण जिन्यावरून कसं चढायचं आणि सासूबाई इमारतीला आता कुठली गोष्ट सांगतील, एवढंच तिच्या मनात येत होतं.

“बघू गं तो,” मोठ्याबाई म्हणाल्या. फॉर्म घेतला, तारीख बघितली. “चार वर्षं झाली. थांब. हा तो दाढेचा आठवडा.”

“कसला आठवडा?”

“माझी अक्कलदाढ. तोंड असं सुजलं होतं, की दारातून आत यायला आडवं व्हावं लागायचं. बोलता येत नव्हतं, मग फोन कसला करणार? कागद बघितला, बिल नव्हतं, ‘नाही’ लिहून टाकलं.” त्यांनी फॉर्म साहेबांपुढे ठेवला. “ही चूक तिच्या झाडाची नाही, साहेब. माझी आहे. झाड विचारायला थांबलं. मी थांबले नव्हते.”

“पण मोठ्याबाई, एकतीस वर्षांत तुमची एकही...”

“एक आहे. ही बघा, तुमच्या हातात.”

“मी मालकांना काय सांगू? हिशेब तर तीनचा झाला. तुमचा निकाल ‘नाही’, झाडाचा काहीच नाही.”

“मग झाड सांगतंय ते करू की,” गोदामवाले काका मागून म्हणाले. “फोन लावा!”

मोठ्याबाईंनी साहेबांचाच फोन ओढला आणि फॉर्मवरचा नंबर फिरवला. आवाज सगळ्यांना ऐकू येईलसा मोठा केला. घंटी वाजत राहिली. कोणी उचलेना. साहेब घड्याळ बघायला लागले, तेवढ्यात पलीकडून दमलेला आवाज आला.

“हॅलो? कोण?”

“नमस्कार. शिलाई मशीनच्या कंपनीतून बोलतेय.”

“अहो, आता काय? तुमचं ‘नाही’चं पत्र येऊन चार वर्षं झाली.”

“हो. ते मीच पाठवलं होतं.” मोठ्याबाईंचा आवाज पहिल्यांदाच जरा अडखळला. खोकल्याची, चहाची चौकशी काही सुचेना. “एक विचारायचं होतं. मशीन... सध्या कुठे ठेवलंय?”

पलीकडे पंखा बंद केल्याचा खट्ट आवाज आला.

“खिडकीपाशी. होतं तिथंच. चालत नाही, दुपारी शेजारणीकडे जाऊन तिच्या मशीनवर शिवते. पण ते हलवायचं मन होत नाही हो. रोज पुसून ठेवते. का विचारताय?”

मोठ्याबाईंनी झाडवालीकडे बघितलं. झाडवालीनं टाइप केलं, ‘खिडकी’. झाड हललं, एक फांदी खाली उतरलं, मग आणखी एक, आणि पान हिरवं झालं.

“कारण,” मोठ्याबाई म्हणाल्या, “तुम्हाला नवीन मशीन येतंय. चूक आमची होती. जागा मोकळी करून ठेवा.”

पलीकडची बाई आधी चिडली, मग तिला खरं वाटेना, मग तिनं तीनदा विचारलं, खरंच ना? फोन ठेवल्यावर मोठ्याबाईंनी पेन उचललं, फॉर्मवरचा ‘नाही’ खोडला आणि आजची तारीख घालून सही केली. फॉर्म उलटा करून मागच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक लिहिलं, ‘खिडकी’.

“मोजा आता, साहेब,” त्या म्हणाल्या. “आता जुळतंय की नाही?”

“पण चार वर्षांनी...” साहेब म्हणाले.

“चार वर्षांनी का, असा प्रश्न झाडात नाही,” झाडवाली म्हणाली आणि आपणच एवढं धीटपणे बोललो म्हणून दचकली.

साहेबांनी तिच्याकडे बघितलं, मोठ्याबाईंकडे बघितलं, हाताची घडी घालून दारात उभ्या राहिलेल्या काकांकडे बघितलं. “दोन,” ते म्हणाले. “राहिलेल्या चालवा.” सातही जुळल्या. मग साहेबांनी पेन्सिल हातात घेतली आणि मुद्दाम वाकडी ठेवली. “सोमवारपासून पक्क्या, मॅडम. पण दुपारी मोठ्याबाईंजवळ बसायचं. त्या जायच्या आत मला फोनवर बोलणारी दुसरी माणसं तयार हवीत. आणि ते हत्तीवाले कोण, तेवढं सांगून जा.”

झाडवाली घरी पोचली, तर तिच्या आधी बातमी पोचलेली. कशी, ते देव जाणे. जिन्यातल्या प्रत्येक दारात कोणी ना कोणी उभं. सासूबाईंनी इमारतीला सांगितलेलं, की आमच्या सुनेनं सात मजली झाड लावलं, त्यानं चार वर्षांपूर्वीची चूक हुंगून काढली आणि मोठे साहेब खुर्चीवरून उठून उभे राहिले.

“आई, कोणी उभं राहिलं नाही.”

“मग सोमवारी राहतील. बरं, ते जाऊ दे, जरा हात लाव.”

घरात शिडी लावलेली. माळ्यावरचं मशीन अर्धं खाली आलेलं, शेजारची दोन पोरं ते धरून उभी, आणि खाली सासूबाई फडकं आणि तेलाची बाटली घेऊन हुकूम सोडतायत.

“हे कशाला आता, आई? शिवणार आहात?”

“बघू. आधी खिडकीपाशी ठेव. इकडे नाही, तिकडे, उजेडात.” सासूबाईंनी चाकावरची धूळ पुसली आणि डोळा मिचकावला. “तुमच्या कंपनीतून कधी फोन आला, तर निदान एक तरी खरं सांगता यायला हवं.”